हिंगोलीची छावणी आणि एक चुकलेले वाक्य

हिंगोलीविषयी छापल्या जाणाऱ्या बहुतेक माहितीपत्रकांत, स्मरणिकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास असते. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय बदलत नाही. हिंगोली हे निजामाचे लष्करी ठाणे होते. १८०३ साली टिपू सुलतान आणि मराठे यांच्यात आणि १८५७ साली नागपूरकर आणि भोसले यांच्यात जी युद्धे झाली, त्यांची झळ हिंगोलीला लागली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा निघालेल्या कौतुकाच्या पुस्तिकांतून हे वाक्य गावोगाव गेले. त्या काळात एका स्मरणिकेत मीही लेख लिहिला होता आणि हेच वाक्य जसेच्या तसे उतरवले होते. छापून आल्यावर दोनदा वाचलेही, अभिमानाने.

काही वर्षांनी एका शाळेत व्याख्यान दिले. ते संपल्यावर दहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, टिपू तर १७९९ लाच मेला ना?" मी म्हणालो, "तपासून सांगतो." तपासण्यासारखे त्यात काही नव्हते. ४ मे १७९९ ही श्रीरंगपट्टण पडल्याची आणि टिपू मारला गेल्याची तारीख सातवी-आठवीच्या पुस्तकातही सापडते. तपासायचे होते ते दुसरेच. इतके उघड चुकलेले वाक्य शंभर हातांतून गेले आणि कोणाचाच हात अडला नाही, माझाही नाही, हे कसे?

आधी वाक्य सोडवून पाहू. १८०३ हे साल खरे आहे आणि मराठेही खरे आहेत, फक्त समोर टिपू नव्हता. त्या वर्षी शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले इंग्रजांशी लढले. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला वऱ्हाडातले अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. निजाम या युद्धात इंग्रजांच्या बाजूला होता आणि हिंगोली ते वऱ्हाड हा पट्टा त्या धामधुमीच्या शेजारीच होता. दुसऱ्या अर्ध्यात तर गंमतच आहे. नागपूरकर आणि भोसले ही दोन माणसे नाहीत, एकाच घराण्याचे नाव आहे. त्यांच्यात युद्ध लावून दिले आहे ते एका 'आणि'ने. शिवाय नागपूरचे राज्य १८५४ मध्येच खालसा झाले, तेव्हा १८५७ मध्ये लढायला गादीच उरली नव्हती. माझा तर्क असा की मूळ टिपणात १८१७ असावे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीवर इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांची लढाई झाली. कोणा नकलनविसाच्या हातून 'इंग्रज' गळले, 'नागपूरकर भोसले' दुभंगले आणि १८१७ च्या जागी जिभेवर रुळलेले १८५७ आले. हा तर्कच आहे, पुरावा नव्हे. पण अशा चुका कशा होतात हे ज्याने जुन्या दप्तरांच्या नकला केल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही.

हे इथवरच असते तर शुद्धिपत्रात चार ओळींत संपले असते. पण त्या वाक्यातली खरी अडचण सालांची नाही, 'झळ लागली' या क्रियापदाची आहे. त्यात हिंगोली म्हणजे वादळ डोक्यावरून गेलेले बिचारे गाव ठरते. हिंगोली असे गाव नव्हते. वादळ जिथून पाठवले जाई त्या ठिकाणांपैकी ते एक होते.

त्यासाठी ही छावणी कोणाची होती हे नीट सांगायला हवे. शाळेत शिकलेली 'तैनाती फौज' ती ही नव्हे. तैनाती फौज कंपनीची, तिचे मुख्य ठाणे सिकंदराबाद. १८०० च्या तहात आणखी एक कलम होते. युद्ध झाले तर निजामाने स्वतःचे ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ मदतीला द्यायचे. युद्धापुरते असलेले हे कलम पुढे शांततेतही लागू झाले. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात या फौजेला इंग्रजी कवायत आणि इंग्रज अधिकारी मिळाले. पायदळाच्या तुकडीला 'रसेल ब्रिगेड' हे नावही त्याचेच. पगार निजामाच्या खजिन्यातून आणि हुकूम रेसिडेन्सीतून, अशी ही फौज. पुढे तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम आणि हिंगोली ही तिची ठाणी.

पगार वेळेवर निघेना, सावकारांचे कर्ज वाढले आणि त्या कर्जापायी २१ मे १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे सोपवावा लागला. रायचूर आणि धाराशिव १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळालेच नाही. म्हणजे हिंगोलीत घोड्याला जो चारा घातला जाई त्याचे पैसे पैनगंगेच्या पलीकडे वाशीम-पुसदचा शेतकरी सारा म्हणून भरत होता. वऱ्हाडच्या इतिहासात हा तह असतो, मराठवाड्याच्या इतिहासात ही छावणी असते; दोन्ही एकाच पानावर मला क्वचितच दिसले आहेत.

'ब्रिटिशकालीन इमारत' हा शब्दही म्हणूनच इथे खटकतो. हिंगोली ब्रिटिश हिंदुस्थानात कधीही नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ती निजामाच्या राज्यात होती. उलट जो 'निजामकालीन' म्हणतो त्यालाही विचारावेसे वाटते, की नकाशा कोणी काढला, खोलीची उंची कोणी ठरवली, कवायतीच्या मैदानाला लागून बंगला आणि दूर खाली शिपायांच्या ओळी हा आराखडा कोणाचा? मराठवाड्यात आपण 'निजामकालीन शाळा' म्हणतो तेव्हा मनात पडके छप्पर आणि सरकारी अनास्था असते. मुक्तिसंग्रामाच्या आठवणीमुळे 'निजाम' या शब्दाखाली जे जे येते त्याविषयी आपल्याला आपुलकी वाटत नाही, आणि 'ब्रिटिश' म्हटले की ते परक्याचे. दोन्ही शब्द एकाच भिंतीवर डकवले की ती भिंत कोणाचीच राहत नाही. मग ती पाडायला कोणी आडवे येत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी ही सगळी जागा पुन्हा पायी फिरलो. जुनी छावणी ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. भिंत हातभराहून जाड, विटा आणि चुना. छत उंच, छताजवळ हवा खेळण्यासाठी लहान झरोके. चारी बाजूंनी ओसरी. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून तोडून वेगळे. उन्हाळ्यात अशा खोलीत शिरले की आतला थंडावा अंगाला जाणवतो. अनेक ठिकाणी आत पत्र्याचे खोपटे, फायलींचे गठ्ठे, छताला लटकवलेले दुसरे छत. कमान बुजवून तिथे लोखंडी दार. एका ठिकाणी झरोक्यात कबुतरांनी इतकी घरटी केली होती की त्यातून आता हवाही येत नसेल. शहरात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे, म्हणजे सकाळच्या कवायतीचा आवाज हिंगोलीच्या कानाला अजून परका झालेला नाही.

पण इमारतींपेक्षा मला मोहल्ल्यांची नावे अधिक बोलकी वाटली. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. रिक्षावाल्याला सांगा, तो नेऊन सोडतो. ही नावे आपण 'आजही प्रचलित आहेत' असे लिहून सोडून देतो. तिथे थांबायला हवे.

रिसाला घ्या. या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. स्वार नोकरीला येई तो स्वतःचा घोडा आणि सरंजाम घेऊन. ज्याच्याकडे पैसा असे तो एकापेक्षा जास्त असाम्या घेई आणि त्यांवर आपले बारगीर ठेवी. म्हणजे एका स्वारामागे मोतद्दार आला, गवत कापणारा आला, नालबंद आला, दोघाचौघांची बायकापोरे आली. बराक पुरे झाली नसती. तिथे वस्तीच व्हायला हवी होती. म्हणून रिसाला मोहल्ला झाला आणि टिकला, आणि साहेबाचा बंगला ज्या दिवशी साहेब गेला त्याच दिवशी रिकामा झाला. पेन्शनपुरा तर सरळच सांगतो. नोकरी संपल्यावर जे परत गेले नाहीत ते इथे राहिले. सदर बाजार म्हणजे छावणीच्या हुकमाखालचा मोठा बाजार, जिथले वजन-माप आणि भाव छावणीचा अधिकारी पाहणार. जालन्यातही हे नाव आहे, आणि का आहे ते आता सांगायला नको.

हिंगोलीच्या दसऱ्याविषयीही इथेच बोलून घेतो. मराठवाड्यात रामकथा कीर्तनातून येते, सप्ताहातून येते. रामलीला हा आपला प्रकार नाही, तो अवधचा. तरीही हिंगोलीत रामलीला मैदान आहे आणि दसऱ्याला रावण जळतो तेव्हा आसपासच्या तालुक्यांतून गर्दी लोटते. कंटिंजंटच्या पायदळात उत्तरेकडच्या हिंदुस्थानी शिपायांचा भरणा मोठा होता. या दोन गोष्टींचा संबंध असावा असे मला वाटते. दसऱ्याच्या उगमाच्या कथा मठाकडे आहेत, श्रद्धेच्या आहेत, त्यांना मी हात लावत नाही. पण रामलीला बघणारा पहिला प्रेक्षक कोण असेल याचा विचार केला, की रावणासमोर उभा राहिलेला एक पुरबी शिपाई दिसतो, घरापासून शेकडो कोस दूर.

या शिपायाचे नाव कुठे कोरलेले नाही. ओ. एस. क्रॉफ्टन यांनी निजामाच्या राज्यातील थडग्यांवरील आणि स्मारकांवरील लेखांची यादी १९४१ मध्ये प्रसिद्ध केली. मेहनतीचे काम आहे, माझ्यासारख्याला वारंवार उपयोगी पडणारे. पण त्या यादीची अटच अशी, की दगडावर लिहिलेले असले पाहिजे, आणि दगडावर लिहिण्याची ऐपत आणि रीत साहेबांची. म्हणून अशा याद्या वाचताना वाटते की छावणीत फक्त लेफ्टनंट, त्यांच्या तरुण बायका आणि तापाने गेलेली त्यांची लेकरे राहत होती. त्या लहान थडग्यांपाशी कोणाचेही मन हलते, माझेही हलते. तरीही हा जमाखर्चाचा एकच रकाना आहे. दुसरा रकाना पेन्शनपुऱ्यात आहे, आणि तो कोणी उतरवून घेतलेला नाही.

आता हिंगोलीचे नाव ज्या एका पुस्तकाने जगात नेले त्याकडे येतो. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या फौजेतला अधिकारी. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ मध्ये निघाली. कादंबरीचा नायक अमीर अली, पण हिंगोलीकराने वाचावी ती तिची प्रस्तावना. टेलर तिथे हरीसिंग नावाच्या हिंगोलीच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत सांगतो, आणि या माणसाशी आपण स्वतःही व्यवहार केला होता हे लपवत नाही. मुंबईहून एका व्यापाऱ्याचे कापड येत आहे हे हरीसिंगाला ठाऊक होते. त्याने मुलकी अधिकारी कॅप्टन रेनल्ड्स याच्याकडून माल आणण्याचा परवाना घेतला, वाटेत त्या व्यापाऱ्याला नोकर-चाकरांसह मारले, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. याच टोळीने छावणीच्या बाजारातही खून पाडले, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, आणि प्रेते रस्त्याकडेच्या नाल्यात पुरली. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या, खड्डे उघडले गेले, तेव्हा टेलर तिथे हजर होता.

ही हकीकत आपल्याकडे 'हिंगोलीतील ठग' या मथळ्याखाली चवीने छापली जाते. कर्नल स्लीमनचे नाव येते, रुमाल येतो, भवानी येते. अलीकडच्या अभ्यासकांनी, राधिका सिंघा आणि किम वॅगनर यांनी, या सगळ्या ठगी प्रकरणाची उलटतपासणी केली आहे. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने केवळ ठगांच्या टोळीत असल्याबद्दल जन्मठेप देता येऊ लागली, आणि खटले मुख्यतः माफीच्या साक्षीदारांवर उभे होते. ज्याला फाशी टाळायची आहे त्याची साक्ष कशी वाचायची हा प्रश्न रास्तच आहे. पण म्हणून सगळेच साहेबांनी रचले असे मला म्हणवत नाही. नाल्यातली हाडे कोणी रचली नव्हती. माणसे मेली होती. एका धर्माने बांधलेले देशव्यापी गुप्त मंडळ, ही त्या हाडांवर चढवलेली इमारत वेगळी तपासावी लागेल.

मला त्या प्रस्तावनेत ठगांपेक्षा छावणी जास्त दिसते. हरीसिंगाचे खरे हत्यार रुमाल नव्हता, परवाना होता. साहेबाची सही असलेला कागद दाखवला की नाक्यावर कोणी गठ्ठे उघडत नव्हते, आणि छावणीच्या बाजारात माल आला की तो कोणाचा होता हे कोणी विचारत नव्हते. घेणारे कोण होते? शिपाई, अधिकारी, स्वतः टेलर. मेलेल्याच्या कापडाचे अंगरखे छावणीत शिवले गेले असतील. टेलर ही सगळी सामग्री पुढ्यात ठेवतो आणि तिच्यावरून निष्कर्ष मात्र काढत नाही. त्याला आश्चर्य वाटते ते हरीसिंगाच्या निर्ढावलेपणाचे. चांगला लेखक होता तो, जे पाहिले ते झाकले नाही. पण ज्या खुर्चीत बसून लिहिले ती खुर्ची त्याला दिसली नाही.

तो नाला मी शोधला. नदीला मिळणारा, खंदकाएवढाच रुंद, शेजारच्या गावाच्या वाटेला लागून, इतके टेलरने दिले आहे. नदी म्हणजे कयाधू. तिच्याकडे उतरणारे दोन-तीन ओघळ पाहिले. काठावर घरे झाली आहेत, एकाच्या तोंडाशी प्लास्टिकचा ढीग आहे. अमुकच तो नाला असे बोट मी ठेवणार नाही.

ठगांची गोष्ट इतकी गाजली की तिच्या आधीची एक गोष्ट त्याखाली गेली. हदगाव-उमरखेडच्या पट्ट्यात हटकर नाईकांचा जोर होता. त्यांच्यातला नोवसाजी नाईक नाव्ह्याच्या गढीत उभा राहिला. मेजर पिटमनच्या हाताखाली निजामाच्या याच फौजेने जानेवारी १८१९ मध्ये गढीला वेढा घातला, तोफा लावल्या, आणि ३१ जानेवारीला तट फोडून हल्ला केला. आतले बहुतेक कापले गेले. मेजर आर. जी. बर्टन याने १९०५ मध्ये कंटिंजंटचा इतिहास लिहिला, त्यात ही लढाई फौजेचे भूषण म्हणून येते. फौजेच्या इतिहासकाराने तसे लिहावे यात नवल नाही. नवल आपले आहे. आपल्या पुस्तिकांत टिपू आहे, जो इकडे फिरकला नाही. आणि नोवसाजी नाही, जो दोन दिवसांच्या वाटेवर लढला.

त्या लढाईचे नाव रेजिमेंटच्या निशाणावर युद्धसन्मान म्हणून चढले, इंग्रजी वळणाने 'नोवा' असे. कंटिंजंट १९०३ मध्ये मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळल्या. त्याच्या आदल्या वर्षी कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले होते, वर्षाला २५ लाख रुपयांवर. ज्या कारणासाठी ही फौज गहाणखतासारखी सांभाळली ते कारणच संपले होते. हिंगोलीची छावणी उठली. पायदळाच्या पलटणी पुढे १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाल्या आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटला नाव मिळाले कुमाऊँ रेजिमेंट. तिचे केंद्र रानीखेतला. हिमालयातल्या त्या रेजिमेंटच्या सन्मानांच्या यादीत पैनगंगेकाठच्या एका गढीचे नाव आहे, आणि पैनगंगेकाठच्या पुस्तिकेत ते नाही.

१८५७ चेही असेच. ते साल छापताना आपल्या मनात बंड असते, आपण बंडवाल्यांच्या बाजूचे असतो. त्या जूनमध्ये कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळाने औरंगाबादेत खरेच बंड केले. काळा चबुतऱ्यावर त्यांतल्या काहींना मारण्यात आले. पण बाकीची फौज धन्याशी इमान राखून ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात गेली, आणि झाशीच्या, काल्पीच्या, ग्वाल्हेरच्या लढायांत ती इंग्रजांच्या बाजूने होती. 'मध्य हिंदुस्थान' हाही एक युद्धसन्मान आहे, नोवाच्या शेजारीच लिहिलेला. हिंगोलीच्या पेन्शनपुऱ्यात जे म्हातारे कट्ट्यावर बसून तरुणपणाच्या मोहिमा सांगत असतील, त्यांच्या मोहिमा कोणाविरुद्धच्या होत्या याची आपण चौकशी करत नाही. 'झळ लागली' म्हटले की चौकशी टळते. ते वाक्य शंभर हातांतून का गेले याचे उत्तर मला इथे मिळाले. चूक सोयीची होती.

ती शाळेतली मुलगी आता कुठे असते मला माहीत नाही. तिला कळवायचे राहून गेले. स्मरणिकेची माझ्याकडची प्रत मी दुरुस्त केली आहे. टिपूवर काट मारली, 'आणि' खोडून नागपूरकर भोसले एक केले, आणि समासात लिहिले: निजामाचा पगार आणि इंग्रजांचा हुकूम असलेल्या फौजेचे ठाणे इथे १९०३ पर्यंत होते, त्या फौजेने १८१९ मध्ये नाव्ह्याची गढी पाडली आणि १८५८ मध्ये झाशीवर चाल केली, तिच्या रिसाल्याची, पलटणीची आणि तोफखान्याची माणसे इथेच राहिली. समास तेवढ्यात भरला. उरलेला मजकूर उभा, कडेने लिहावा लागला.